पावसात मारलेला प्रायमर पांढरा पडला: वॉरगेमिंगची सुरुवात इथून कशी करायची?

नवखा_फोंडेकर

नमस्कार मंडळी. वॉरहॅमर ४०,००० हा टेबलावर छोट्या मूर्ती मांडून खेळायचा युद्धखेळ दोघांत मिळून सुरू करतोय. मी फोंड्याला, भिडू मडगावला. स्पेस मरीन विरुद्ध टिरनिड असा नवशिक्यांचा बॉक्स घेतला आहे. माझ्याकडे मरीन, त्याच्याकडे टिरनिड.

पाच इन्फर्नस मरीन जोडून झाले. काल पाऊस थांबलेला बघून गच्चीवर प्रायमर म्हणून, म्हणजे रंगाआधीचा अस्तर हात म्हणून, काळा मॅट स्प्रे मारला. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो साधा डबा. सुकल्यावर तिघांवर दुधाळ पांढरट झाक आली आहे. उरलेल्या दोघांच्या खांद्यांवर आणि हेल्मेटवर बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं.

१. हे पाच वाचतील का?
२. चतुर्थीपर्यंत तरी हवा अशीच राहणार. तोवर प्रायमर करायचाच नाही का?
३. रंगांच्या याद्या वाचून डोकं फिरलं. दोन्ही बाजू रंगवायला खरोखर किती बाटल्या लागतात?
४. सगळं रंगवून झाल्याशिवाय खेळू नये असं भिडूचं म्हणणं आहे. बरोबर आहे का?

---

ओला_ब्रश

पाचही वाचतील. पण तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत, त्यांचं औषध एक नाही.

दुधाळ झाक दमटपणामुळे येते. स्प्रेमधला द्रावक भराभर उडतो, त्याने पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावरच बसते. पाऊस थांबल्यावर हवा कोरडी झाली असं वाटतं, प्रत्यक्षात जमिनीतून आणि गच्चीच्या लादीतून वाफ वर येत असते. ती वेळ सर्वांत वाईट. खरखरीतपणाचं कारण उलटं आहे: डबा मूर्तीपासून फार लांब धरला, रंग हवेतच अर्धवट सुकला आणि त्याची भुकटी जाऊन चिकटली. ऊन पडलं की हे हमखास होतं.

दुधाळ तिघांचा रंग उतरवू नका. रंग घट्ट बसला असेल, तपशील बुजला नसेल, तर त्यावर ब्रशने प्रायमरचा एक पातळ हात द्या, झाक झाकली जाईल. खरखरीत दोघांना आधी कोरड्या टूथब्रशने घासून बघा. भुकटी नुसती वरवर बसली असेल तर निघून जाते. नाही गेली तर रंग उतरवायचा.

उतरवायला डेटॉल. तपकिरी, अँटिसेप्टिक, कुठल्याही फार्मसीत मिळतं ते. पाणी न घालता काचेच्या बरणीत ओता, मूर्ती बुडवून झाकण लावून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून, जुन्या टूथब्रशने. इथे नव्वद टक्के लोक चुकतात: रंग सुटायला लागला की मूर्ती नळाखाली धरतात. पाणी लागताक्षणी डेटॉल आणि सुटलेला रंग यांचा चिकट काला होतो आणि तो खाचाखाचांत जाऊन बसतो. ब्रश डेटॉलमध्येच बुडवून घासा, मग स्वच्छ डेटॉलमध्ये एकदा विसळा, आणि मूर्ती पूर्ण मोकळी झाल्यावरच भांडी घासायच्या लिक्विड साबणाने धुवा. प्लास्टिकला आणि धातूला हे चालतं. रेझिनची मूर्ती असेल तर आधी एखाद्या तुकड्यावर बघा, काही रेझिन मऊ पडतात.

आता प्रायमर. जून ते सप्टेंबर स्प्रेचा नाद सोडा आणि ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर घ्या. व्हॅलेहोचा सरफेस प्रायमर ड्रॉपर बाटलीत मिळतो आणि बाटलीतून काढून तसाच लावता येतो, फार घट्ट वाटला तर एखादा थेंब पाणी. १० ते १२ नंबरचा मऊ सिंथेटिक ब्रश घ्या, लहान ब्रशने रेघा उमटतात. वरून खाली ओढा, आणि एकदा ओढलेल्या जागी अर्धवट सुकलेलं असताना परत ब्रश फिरवू नका, फाटतं. सुकायला लागला की तो आक्रसून बसतो, त्यामुळे ओला असताना जाड दिसला तरी घाबरू नका. २४ तास हात लावायचा नाही. वरून सुकलेला दिसला तरी आत पापुद्रा कच्चा असतो आणि नखाने सोलून निघतो. पावसात मी ४८ तास म्हणेन.

आणखी एक फायदा: स्प्रेचे डबे साध्या पार्सलसारखे विमानातून पाठवता येत नाहीत, त्यामुळे बाहेरगावाहून मागवताना ते पार्सल अडकतं किंवा फार दिवस घेतं. बाटलीला ती कटकट नाही.

स्प्रेच मारायचा असेल तर एक स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक घ्या. ७० टक्क्यांच्या वर आकडा असेल तर डबा हातात घेऊ नका. दिवसातली सर्वांत कोरडी वेळ दुपारची, एक ते तीनच्या सुमारास. सकाळी दव असतं, संध्याकाळी खाऱ्या वाऱ्याबरोबर ओल परत चढते. अंतर २० ते २५ सेंटीमीटर, धार मूर्तीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायची. हार्डवेअरच्या स्प्रेबद्दल एक इशारा: तो मूर्तींसाठी बनवलेला नसतो. जवळून, ओला मारला तर मूर्तीच्या प्लास्टिकचे, म्हणजे पॉलिस्टायरीनचे, बारकावे वितळवू शकतो. आधी स्प्रूच्या, म्हणजे मूर्तीचे भाग ज्या चौकटीत येतात तिच्या, टाकाऊ तुकड्यावर मारून बघा.

---

सहाचा_फासा

रंगांचं इतर सांगतील. मी चौथ्या प्रश्नाचं उत्तर देतो: भिडू चुकतोय. आजच खेळा, करड्या प्लास्टिकवर खेळा. नियम हातात बसायला चार-पाच डाव लागतात आणि ते होईपर्यंत कुठली मूर्ती आवडते हेही कळतं.

डावाचा सांगाडा असा. आपल्या पाळीत पाच टप्पे: कमांड, हालचाल, नेमबाजी, चढाई, हातघाई. एका खेळाडूची पूर्ण पाळी झाल्यावर दुसऱ्याची. मात्र हातघाईत दोघेही मारतात, हे नवीन लोक विसरतात. मार लागण्याची साखळी नेहमी एकच: नेम लागला का, जखम झाली का, चिलखताने वाचवलं का. जखमेसाठी शस्त्राचं बळ आणि समोरच्याचा चिवटपणा यांची तुलना करायची. समान असेल तर ४+ (म्हणजे फाशावर ४ किंवा जास्त), बळ जास्त तर ३+, दुप्पट किंवा त्याहून जास्त तर २+. कमी असेल तर ५+, निम्मं किंवा त्याहून कमी तर ६+. हा तक्ता कागदावर लिहून टेबलावर चिकटवा, अर्धी भांडणं मिटतात.

तुमच्याच बॉक्समधलं उदाहरण घेतो. आकडे १० व्या आवृत्तीचे, म्हणजे २०२३ च्या. तुमच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर पुस्तिका खरी. इन्फर्नस आग फेकतात: पल्ला १२ इंच, प्रत्येकाचे वार एक फासा टाकून ठरतात, आणि ज्वाळेला नेम लावावा लागत नाही, सगळे वार लागतातच. पाच जणांचे सरासरी १७-१८ वार. बळ ५, टर्मागँटचा (टिरनिडांच्या लहान सैनिकाचा) चिवटपणा ३, म्हणून ३+ वर जखम, साधारण १२. टर्मागँटचं चिलखत ५+, त्यातले चारेक वाचतात. म्हणजे एका झोतात सात-आठ टर्मागँट साफ.

आता उलटं. दहा टर्मागँट १८ इंचांवरून मारतात, एकेक गोळी, ४+ वर नेम. पाच लागल्या, ३+ वर तीन जखमा, मरीनचं चिलखत ३+. शेवटी एक जखम उरते, आणि मरीन तर दुसऱ्या जखमेला पडतो. सरासरीने एक मरीनसुद्धा पडत नाही!

हे गणित भिडूला आधीच दाखवा, नाहीतर दोन डावांत वैतागून तो सोडून देईल. टर्मागँटचं काम मारणं नाही, जागा अडवणं आहे. ठाणं कुणाच्या ताब्यात हे मोजताना प्रत्येकाचा आकडा २ असतो, त्यामुळे ठाण्यावर दहा जण उभे राहिले की २० झाले आणि गुण त्यांचे. मरीन ६ इंच चालून १२ इंच आग फेकतो, म्हणजे त्याचा धोका १८ इंचांपर्यंत. टिरनिडने आडोशामागे लपत यायचं, उघड्यावर १८ इंचांच्या आत थांबायचं नाही.

टेबल: पूर्ण डावाला ६० बाय ४४ इंच लागतात, पण लहान कॉम्बॅट पेट्रोल डावाला ४४ बाय ३०. जेवणाचं टेबल पुरतं. नसेल तर प्लायवूडच्या दुकानातून ८ बाय ४ फुटी शीटमधून तेवढा तुकडा कापून घ्या. मोजपट्टी इंचांचीच हवी. शिंप्याची टेप वापरू नका, लवते आणि कोपऱ्यावरून अर्धा इंच चोरते.

इतकं करूनही नियम जड वाटले तर वनपेजरूल्सचा ग्रिमडार्क फ्यूचर हा खेळ बघा. मूळ नियम फुकट, मूर्ती कुठल्याही कंपनीच्या चालतात, आणि एकदा तुम्ही एक तुकडी, एकदा समोरचा एक तुकडी अशी आलटून पालटून हालचाल असते. कुणालाच वीस मिनिटं हात बांधून बसावं लागत नाही. याच मूर्तींवर दोन्ही खेळ होतात, वेगळा खर्च नाही.

---

म्हापशेचो_रंगारी

तिसरा प्रश्न. दोन्ही बाजू मिळून साध्या रंगांच्या आणि वॉशच्या (खाचांत साचणारा पातळ रंग) दहा बाटल्या, प्रायमर, पारदर्शक रंग आणि वॉर्निश सोडून: काळा, मोडका पांढरा (ऑफ-व्हाइट), निळा, लाल, जांभळा, हाडाचा रंग, चामड्याचा तपकिरी, चंदेरी धातू, गडद तपकिरी वॉश, काळा वॉश. करडा काळ्या-पांढऱ्यातून होतो, सोनेरी छटा चंदेरीवर तपकिरी वॉश टाकून मिळते. झाकणाच्या डबीपेक्षा ड्रॉपर बाटली घ्या. डबीच्या कडेला रंग सुकून झाकण नीट बसत नाही आणि महिन्याभरात आतला गोळा होतो.

कॅम्लिनचे ॲक्रिलिक चालतील का हा पुढचा प्रश्न येणारच. टेबलावरच्या भिंती, डोंगर, बेस (मूर्तीखालची चकती) यांना खुशाल. मूर्तीला नको, रंगकण जाडसर असतात आणि चेहऱ्यावर दाणे दिसतात.

आता पद्धत. काळ्या प्रायमरवर करडा आणि मग मोडका पांढरा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उठावांवर रंग), त्यावर कॉन्ट्रास्ट किंवा स्पीडपेंटसारखा पारदर्शक रंग. नवख्याला याहून झटपट निकाल देणारी दुसरी रीत नाही. ड्रायब्रशला जुना, गोल, मऊ ब्रश, अगदी मेकअपचासुद्धा. रंग टिश्यूवर पुसायचा, मग हाताच्या मागच्या बाजूवर फिरवून बघायचा. त्वचेच्या रेघाच तेवढ्या उठल्या तर बरोबर, पट्टा उठला तर अजून पुसा. नरकासुराच्या मुखवट्यावर कागदाच्या लगद्याच्या सुरकुत्या उठवायला पोरं हेच करतात, फक्त तिथे ब्रश चार इंची असतो.

पारदर्शक रंग पाण्याने पातळ करू नका, डाग पडतात. त्याचं माध्यम मिळतं तेच वापरा. एका पत्र्यावर, म्हणजे चिलखताच्या एका तुकड्यावर, एकदाच लावायचा आणि साचलेला थेंब कोरड्या ब्रशने टिपून घ्यायचा. पावसात हा रंग अर्ध्या तासानेही आत ओला असतो. शेजारचा भाग लगेच रंगवलात तर दोन्ही एकमेकांत उतरतात. पंखा थेट मूर्तीवर सोडला तर कडेने आधी सुकून चहाच्या कपासारखं वर्तुळ राहतं, म्हणून पंखा भिंतीकडे.

---

ओला_ब्रश

रंगारीबाब, टिरनिडला हे शोभतं. मरीनच्या सपाट खांद्यांवर पारदर्शक रंग ढगाळ दिसतो, कितीही टिपा. मरीनला साधा निळाच द्यावा. दुधासारखा पातळ, दोन हात, पहिला हात सुकल्यावरच दुसरा. पहिल्या हातात खालचा काळा दिसणारच, तिथे घाबरून जाड लावला की संपलं. मग खाचांत फक्त टोकदार ब्रशने काळा वॉश, आणि कडांवर निळ्यात पांढरा मिसळून एक रेघ.

त्यासाठी वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी पाटी, करून घ्या. चपटा हवाबंद डबा, तळाला टिश्यूचे चार-पाच पदर, पाणी ओतून जास्तीचं काढून टाकायचं, वर बेकिंगचा पार्चमेंट कागद. आपल्याकडे बटर पेपर म्हणून जे विकतात त्यात मेणाचाही असतो. त्यातून पाणी वर येत नाही आणि रंग थेंबांत गोळा होतो. एका कोपऱ्यावर पाणी ठेवून बघा, मागची बाजू दमट झाली तरच तो कागद घ्या. इथल्या हवेत तीन-चार दिवसांत टिश्यूला बुरशीचा वास येतो. आठवड्याला बदला, मधल्या काळात डबा फ्रिजमध्ये, आणि त्यावर नाव लिहा म्हणजे कुणी शिळी भाजी समजून उघडणार नाही.

---

चिरेबंदी

बेस आणि मैदानाबद्दल कुणी बोललं नाही.

किनाऱ्यावरची वाळू आणू नका. त्यात मीठ असतं, मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि फेविकॉलखाली ती कायम ओलसर राहून वर पांढरे चट्टे फुटतात. शिवाय शिंपल्यांचे चकचकीत तुकडे २८ मिलिमीटरच्या बेसवर फरशीएवढे दिसतात. बांधकामाची रेती चहाच्या गाळणीतून काढा, बारीक आणि जाड असे दोन ढीग करा.

त्याहून चांगली वस्तू दाराशी आहे: चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, चुरा. चिरे तासतात तिथे पडलेला भुगा घ्या, लाल परग्रहाची जमीन फुकट. पण चिरा रंग सोडतो. पाणी निवळ येईपर्यंत पाच-सहा वेळा धुवा, कडक उन्हात किंवा तव्यावर सुकवा, नाहीतर फेविकॉल गुलाबी होऊन मूर्तीच्या बुटांवर चढतो. फेविकॉल दोनास एक पाणी, बेसवर लावा, चुऱ्यात दाबा, झटका. सुकल्यावर आणखी पातळ फेविकॉलचा एक थेंब वरून सोडा, म्हणजे चुरा गळत नाही.

आडोसे: टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगचा थर्मोकोल. त्यावर थेट स्प्रे कधीही मारू नका, द्रावक थर्मोकोल खातो आणि भिंतीला भोकं पडतात. आधी फेविकॉल आणि काळा ॲक्रिलिक मिसळून सगळीकडून लेप. करवंटी पालथी घातली की परग्रहावरचा घुमट, काथ्याचे धागे बारीक कापले की सुकलेलं गवत. टेबलावर निदान सहा-सात आडोसे हवेत, त्यातले दोन तरी मूर्ती पूर्ण लपेल एवढे उंच. मोकळ्या मैदानावर टर्मागँटचं काय होतं ते फासेबाबांनी वर मोजून दाखवलंच आहे.

---

नवखा_फोंडेकर

भरपूर मिळालं, आभार. डेटॉलमध्ये दोघं बुडवले आहेत. अजून दोन शंका. मूर्ती फेविक्विकने जोडल्या, आता सांध्यांभोवती पांढरं धुकं दिसतं. तेही दमटपणामुळेच का? आणि मडगावला स्कूटरवरून किंवा कदंबच्या बसने न्यायचं तर मूर्ती मोडणार नाहीत असं काय करायचं?

---

ओला_ब्रश

हो, फेविक्विकला घट्ट व्हायला हवेतली ओलच लागते, म्हणून पावसात ते चटकन धरतं आणि गोंदाची वाफ आजूबाजूला बसून पांढरी होते. प्रायमरखाली झाकलं जाईल. पुढच्या मूर्तींना वापरू नका. या बॉक्समधल्या मूर्ती दाबून बसवायच्या असतात, आणि गोंद हवाच असेल तर पॉलिस्टायरीन सिमेंट. ते दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं, सांधा मोडत नाही. मात्र रेझिनला, धातूला आणि मऊ रबरी प्लास्टिकला ते लागूच होत नाही. १/७२ मापाचे मऊ प्लास्टिकचे ऐतिहासिक सैनिक घेऊन कुणाला १६८३ ची मराठे-पोर्तुगीजांची जुव्याची लढाई मांडायची असेल तर हे लक्षात ठेवा. त्या सैनिकांना आधी साबणाने धुवावंही लागतं, नाहीतर रंग वाकवताच सोलतो.

आणि डेटॉलमध्ये फेविक्विकचे सांधे सुटू शकतात. उद्या बरणीत हात निखळलेला दिसला तर दचकू नका. धुऊन, जुना गोंद खरवडून, सिमेंटने बसवा. फट राहिली तर स्प्रूचे बारीक तुकडे पातळ सिमेंटच्या बाटलीत विरघळवून तोच लगदा भरा. एम-सीलही चालतं, पण ते भराभर घट्ट होतं, मटाराएवढंच मळा.

वॉर्निशही याच ओघात सांगतो, कारण पुढचा धागा त्याचाच निघेल. मॅट स्प्रे वॉर्निश पावसात मारला की महिन्याची मेहनत धुक्यात जाते. ब्रशने लावायचं ॲक्रिलिक मॅट घ्या. बाटली दोन मिनिटं हलवा, मॅटपणा आणणारी पूड तळाशी बसते आणि ती न मिसळता लावली तर एक मूर्ती चकचकीत, शेवटची पांढरी. कुणाची मूर्ती आधीच धुकट झाली असेल तर त्यावर ग्लॉस वॉर्निशचा पातळ हात द्या, बहुतेक वेळा खालचे रंग परत उजळतात.

---

म्हापशेचो_रंगारी

नेण्यासाठी चुंबक. बेसच्या खालच्या पोकळीत ५ बाय २ मिलिमीटरचा निओडिमियम चुंबक एम-सीलमध्ये बसवा. एम-सील ओलं असताना बेस प्लास्टिकची पिशवी अंथरलेल्या पत्र्यावर ठेवा, चुंबक आपोआप खालच्या पातळीला येतो. मोठ्या मूर्तीला दोन-तीन. डब्याच्या तळाला पत्र्याचा तुकडा, पण तो जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्राच घ्या. साधा लोखंडी पत्रा आपल्या हवेत एका पावसात गंजतो आणि गंज बेसच्या कडांना लागतो. पत्रा डबल टेपने चिकटवू नका, उन्हात डिकीत टेप सुटते आणि सगळी फौज पत्र्यासकट कोसळते. चार कोपऱ्यांना लहान स्क्रू.

डबा उलटा करून हळू हलवा. काही पडलं नाही तर स्कूटरवर पायाशी ठेवून न्या, डिकीत नको. बसने गेलात तर मांडीवर. डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका, औषधाच्या बाटल्यांत येतात त्याही चालतील.

आणि डबा बंद करण्याआधी मूर्तीला नाक लावा. रंगाचा वास येत असेल तर ती अजून सुकलेली नाही, बाहेरच राहू द्या.